साईक्स म्हणजे सगळे एकाच घरातले काय हो?

प्रश्न : नमस्कार. आम्ही चार-पाच जण दर रविवारी दुर्बिणी घेऊन माळावर पक्षी बघत फिरतो. डोक्यावर तुरा असलेला एक चंडोल आहे, त्याचं इंग्रजी नाव साईक्स लार्क. घरी येऊन शोधलं तर कुणी कर्नल साईक्स निघाले, मग तेच आडनाव पहिल्या महायुद्धातल्या साईक्स-पिको करारात दिसलं, आणि परत ऑक्सफर्डचे एक डीएनएवाले प्रोफेसर, तेही साईक्सच. हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि दुसरं म्हणजे आमच्या ग्रुपमधे तीन पाटील आहेत, त्यातला एकजण छातीठोकपणे सांगतोय की टेस्ट केली तर आपण तिघं भाऊबंदच निघणार. यावर मिसळीची पैज लागलीय. – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पैजेचा निकाल आधी देऊन टाकतो, पाटीलवाला हरला. का हरला ते येईलच पुढं, पण आधी साईक्स, कारण आडनाव आणि डीएनए यांचा मेळ बसतो का हे तपासणारा जो अभ्यास जगभर गाजला तो नेमका याच आडनावावर झालाय, तुम्ही नकळत बरोबर नाव उचललंय.

कर्नल विल्यम हेन्री साईक्स (१७९०–१८७२) हे यॉर्कशायरच्या घरातले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात आले आणि १८२४ पासून मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करायचं काम घेऊन दख्खनभर हिंडले, पिकं, बाजारभाव, पक्षी, मासे, दिसेल ते लिहून ठेवायचं. १८३२ साली त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात तुमचा चंडोल आहे, शिवाय एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी चक्क मराठ्यांचं नाव घातलंय. करारवाले मार्क साईक्स (करार १९१६ चा) हे पण यॉर्कशायरचेच, स्लेडमिअरचे बडे जमीनदार. आणि प्रोफेसर म्हणजे ब्रायन साईक्स, ऑक्सफर्डला जेनेटिक्स शिकवायचे, २०२० मधे वारले.

आता मुळाकडं. उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलीत साईक म्हणजे छोटा ओढा, नाहीतर पाणथळ चर. ओढ्याकडंला ज्याचं घर तो साईक्स, इतकं साधं. तिकडं आडनावं आधी नव्हतीच, १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि मग हळूहळू सरदार-जमीनदारांनी बापाचं आडनाव पोराला लावायला सुरुवात केली, साध्या कुळा-शेतकऱ्यांपर्यंत ते पोचायला आणखी दोन-तीनशे वर्षं गेली आणि उत्तरेकडं तर अजून उशीर. साईक्स हे नाव तेराव्या शतकापासून कागदावर सापडतं. १३७९ साली राजानं डोईपट्टी लावली होती, त्यातल्या पश्चिम यॉर्कशायरच्या याद्या बऱ्यापैकी शाबूत राहिल्यात, आणि तिकडच्या आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांना ते घबाडच आहे, कारण गावात कोण कुठल्या नावानं ओळखला जायचा ते ओळीनं मिळतं. कर चुकवणाऱ्यांची नावं अर्थातच त्यात नाहीत!

तर इतिहासवाल्यांचा अंदाज असा होता की पश्चिम यॉर्कशायर म्हणजे डोंगरउताराचा मुलूख, पावलोपावली ओढे, मग दहा गावांत दहा वेगवेगळे साईक्स तयार झाले असणार, त्यांचं एकमेकांशी काही नातं नसणार. पटण्यासारखंच आहे. आपल्याकडं ओढ्यावरनं आडनाव पाडायचं ठरवलं तर भुदरगड तालुक्यातच किती निघतील बघा.

ब्रायन साईक्स यांना हा प्रश्न पडला तो एका योगायोगानं. ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीच्या कार्यक्रमात त्यांचं भाषण होतं आणि तेव्हा कंपनीचे प्रमुख होते सर रिचर्ड साईक्स, म्हणजे लोक विचारणारच की तुम्ही नात्यातले काय, त्यांना तर तसं काही माहीत नव्हतं. मग दोघांच्याही वाय क्रोमोसोमची तपासणी केली आणि ते जुळले. त्यानंतर मात्र त्यांनी पद्धतशीर काम केलं, यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायर भागातल्या साईक्स आडनावाच्या पुरुषांना कसलीही निवड न करता पत्रं पाठवली आणि ज्यांनी गालाच्या आतून घासून नमुने पाठवले त्यांचे तपासले. वायच का, तर तो बापाकडनं पोराला जवळजवळ जसाच्या तसा जातो, आडनाव जातं त्याच वाटेनं. कॅथरीन आयर्व्हन यांच्याबरोबर २००० साली त्यांनी निकाल छापला. वायवरच्या फक्त चार खुणा (म्हणजे माणसामाणसांत फरक दिसतो अशा ठरावीक जागा) बघितल्या होत्या, पण निम्म्याच्या आसपास साईक्सांच्या चारही खुणा एकसारख्या, आणि तसाच नमुना त्या भागातल्या इतर आडनावांच्या लोकांत मिळाला नाही, बाकी ब्रिटनमधल्या तुलनेच्या नमुन्यांतही नाही. म्हणजे आजचे एवढे साईक्स सातशे वर्षांपूर्वीच्या एकाच कुणातरी ओढ्याकाठच्या गड्याचे वारस दिसतात.

यात माझं थोडं वेगळं मत आहे. एकच मूळ पुरुष होता असं म्हणण्यापेक्षा एकाचाच वंश टिकला असं म्हणणं जास्त सेफ वाटतं. कारण पुरुष वंश बुडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, एका पिढीला फक्त मुली झाल्या की संपलं, त्यात १३४८-४९ ची प्लेगची साथ, तिनं इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसं नेली. आडनावं अशी का विझतात याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी १८७४ लाच मांडून ठेवलंय. सुरुवातीला चार-पाच साईक्स असतीलही, बाकीच्यांचं खातं बंद झालं आणि एकाचं वाढत गेलं. १८८१ च्या जनगणनेचा नकाशा बघितला तर हे आडनाव हडर्सफील्ड आणि त्याच्या आसपासच्या लोकरी कापडाच्या गावांत गच्च भरलेलं दिसतं, लंडनसारखी शहरं सोडली तर लांब कुठं फारसं नाही.

मग उरलेले निम्मे कोण? इथं लोक लगेच डोळे मिचकावतात. पण त्यात सगळंच काही लफडं नसतंय हो. दत्तक, बायकोच्या आधीच्या नवऱ्याचं पोरगं, लग्नाआधी झालेल्या मुलाला आईचं आडनाव लागणं, इस्टेट मिळावी म्हणून मामाचं नाव घेणं, हे सगळं त्यात येतं. या सगळ्याचा मिळून अंदाज ब्रायन साईक्स आणि आयर्व्हन यांनी पिढीमागं सरासरी १.३ टक्के काढला, आणि नंतर बेल्जियममधे झालेल्या कामातही आकडा एक टक्क्याच्या आसपासच आला, म्हणजे तिकडच्या बायका-पुरुषांबद्दल जे बोललं जातं त्यापेक्षा कितीतरी कमी. आणि कोल्हापूरकरांना तर हे समजावून सांगायला नको. छत्रपती शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, १८८४ साली आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते भोसले झाले. वाय घाटग्यांचा, गादी भोसल्यांची, म्हणून काय त्यांचं छत्रपतीपण कुठं कमी झालं? उलट आपल्याकडं बरेचदा दत्तक भाऊबंदांतनंच घेतात, तेव्हा कागदोपत्री बाप बदलला तरी वाय तोच राहतो. इंग्लंडात तिसरा रिचर्ड राजा २०१२ ला लेस्टरच्या कार पार्कखाली सापडला, आईच्या बाजूचा डीएनए आजच्या वारसाशी जुळला पण पुरुष वंशाचा जुळला नाही, मधे कुठंतरी साखळी तुटलेली. राजघराण्याची ही गत!

आता तुमचे पाटील. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांचे १६७८ पुरुष तपासून २००९ ला दाखवलं की आडनाव जितकं दुर्मिळ तितकं नातं घट्ट. ॲटनबरो आडनावाचे दहातले जवळपास नऊ एकाच वंशाचे निघाले, आणि स्मिथ? स्मिथ म्हणजे लोहार, गावोगाव लोहार, त्यामुळं दोन स्मिथ म्हणजे रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं. पाटील हे त्याच प्रकारचं आडनाव आहे, वतनाचं नाव, गावागणिक एक पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात मराठा पाटील आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत, धनगर आहेत, मुसलमान पाटील आहेत, आणि कित्येकांचं मूळ आडनाव चव्हाण नाहीतर घाटगे असतं पण शाळेच्या दाखल्यावर पाटील लागलं ते लागलं. त्यातल्या त्यात काही धरायचं असेल तर मूळ कूळ आणि देवक विचारा, लग्न जमवताना आपल्या आज्ज्या तेच विचारायच्या.

तुमच्या तिन्ही साईक्सांबद्दल : कर्नल आणि मार्क दोघंही यॉर्कशायरचे म्हणून एका वंशाचे असायची शक्यता आहे, पण त्याच अभ्यासाच्या हिशेबानं बोलायचं तर ती फार तर चारात एक, कारण दोघंही त्या निम्म्यांतलेच निघायला हवेत. आणि असले समजा एकाच वंशाचे, तरी दहा पिढ्या मागं गेलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात १०२४ जागा असतात, त्यातली एकच आडनाव देते, बाकी १०२३ चं काय? याच टुरी किंग आणि जॉबलिंग यांच्या कामात एका दुर्मिळ यॉर्कशायरी आडनावाच्या गोऱ्यापान पुरुषांत आफ्रिकेतला वाय सापडला (२००७ ला छापलंय), त्या लोकांना स्वतःला ते अजिबात माहीत नव्हतं.

प्रश्न : मग मी टेस्ट करून घेऊ का? बाहेरच्या कंपन्या किट पाठवतात म्हणे. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हौस असेल तर करा, पण आधी समजून घ्या की अशा टेस्टची किंमत तुमच्या नमुन्यात नसते, समोर जुळवायला किती लोक आहेत त्यात असते. इंग्रजी आडनावांचे प्रकल्प २००० सालापासून चाललेत, हजारोंनी माणसं त्यात आहेत, त्यामुळं तिकडं साईक्सला साईक्स लगेच भेटतो, आपल्या भागातली माणसं त्यात फार थोडी. करायचीच तर ३७ किंवा त्याहून जास्त खुणांची वाय टेस्ट घ्या, चार-बारा खुणांवर उगीच कुणीही नातेवाईक निघतो, आणि 'अमुक टक्के साऊथ एशियन' सांगणारी तर घेऊच नका, ते तुम्हाला आरशातही दिसतंय.

त्याआधी फुकटातलं काम करा. तुमच्याकडं हेळवी येतो ना? पिढ्यान्‌पिढ्या घराण्याची वंशावळ सांगणारी ही माणसं गडहिंग्लज भागात अजून फिरतात, तो आला की घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तो कुठल्या गावाचं नाव पहिलं घेतो ते नीट ऐका. मग त्या गावच्या तलाठ्याकडं जुने फेरफार, आणि त्याच्याही मागं जायचं असेल तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागेल. हेळव्याला धान्य द्यायला विसरू नका.