रस्त्याकडेच्या घरात कथावाचनासाठी साडेपाच हजारांत कोणता माइक घ्यावा?

तुम्ही विचारलंय की जुन्या मराठी कथा वाचून यूट्यूबवर टाकायच्या आहेत, रविवारी थेट वाचनही करायचंय, घर रस्त्याला लागून आहे, हातात साडेपाच हजार आहेत आणि दुकानदार ‘कंडेन्सरच घ्या, आवाज क्लिअर येतो’ म्हणतोय. तर घ्यावं काय?

यूएसबीवर चालणारा डायनॅमिक माइक घ्या, म्हणजे सभेत हातात दिसतो त्या प्रकारचा; कंडेन्सर हा त्याहून संवेदनशील, बाहेरून वीज लागणारा दुसरा प्रकार. सगळे पैसे माइकवरच घालवू नका, हजारेक रुपये टेबलाला आवळायच्या आर्मसाठी ठेवा. का ते सविस्तर सांगते, कारण हीच निवड मी आधी चुकीची केली होती.

मी डोंबिवलीत राहते, रेल्वेमार्गापासून फार लांब नाही. गेली पाच वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सुरुवातीला ‘स्टुडिओ किट’ म्हणून मिळणारा एक स्वस्त कंडेन्सर घेतला. आर्म, जाळी, स्पंजची टोपी, सगळं एका खोक्यात. त्याची पिन लॅपटॉपच्या छोट्या जॅकमध्ये जायची. आवाज इतका बारीक यायचा की रेकॉर्डिंगची पातळी शेवटापर्यंत चढवावी लागे, आणि मग प्रत्येक वाक्यामागे अखंड ‘शूंऽऽ’. इतिहासाचे अकरा धडे वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने कळवलं, ‘ताई, अर्धा तास ऐकलं की डोकं दुखायला लागतं.’ ती रोज तीन-चार तास ऐकूनच अभ्यास करायची. ते अकराही धडे मी पुन्हा वाचले.

त्या शूंऽऽचं कारण साधं होतं. कंडेन्सरला चालायला बाहेरून वीज लागते. स्टुडिओतल्या माइकना ती ४८ व्होल्ट मिळते, तिला फँटम पॉवर म्हणतात. लॅपटॉपच्या जॅकमधून जेमतेम दोन-चार व्होल्ट येतात. यूएसबी माइकचं तसं नाही. त्याला वीज केबलमधूनच मिळते आणि आवाजाचं डिजिटल रूपांतरही माइकच्या पोटातच होतं. म्हणून ३.५ मिलिमीटर पिनेचा ‘स्टुडिओ’ माइक कितीही देखणा असला तरी घेऊ नका. डायनॅमिकमध्ये चुंबकाच्या क्षेत्रात हलणारं तारेचं वेटोळं असतं. सभेत, कीर्तनात, ऑर्केस्ट्रात हातात दिसतो तो बहुतेक हाच प्रकार. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून मंचावर आहे.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. डायनॅमिक माइक आजूबाजूचा आवाज ‘घेत नाही’ असं सर्रास सांगतात. तो घेतो. त्याला रिक्षाचा हॉर्न आणि तुमचा आवाज यांतला फरक कळत नाही. फरक पडतो तो अंतराने. डायनॅमिक मुळात कमी संवेदनशील असल्यामुळे त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलावं लागतं, आणि जवळ गेल्यामुळे तुमचा आवाज रस्त्याच्या आवाजावर मात करतो. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आलात तर १२ डेसिबल. तेवढी पातळी खाली आणली की रस्ताही १२ डेसिबलने मागे जातो. यासाठी एक रुपयाही लागत नाही. कंडेन्सर टेबलावर दीड हात लांब ठेवून बोलता येतं, आणि लोक तसंच करतात, तिथेच घात होतो.

म्हणून ओठ आणि माइक यांत चार बोटं ते अर्धी वीत एवढंच अंतर ठेवा. पुस्तक टेबलावर ठेवून वाचलंत की मान खाली जाते आणि आवाज माइकपासून सुटतो. मी पानं उंच स्टँडवर लावते, त्याने माझं काम निम्मं हलकं झालं. आर्मसाठी पैसे ठेवा म्हटलं ते यासाठीच. टेबलावरच्या बुटक्या स्टँडवरचा माइक तोंडापर्यंत पोहोचत नाही, शिवाय टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का त्यात ‘धप्प’ असा उतरतो.

जवळ बोलण्याची एक अडचण आहे आणि ती मराठी वाचणाऱ्याला जास्त जाणवते. माइकच्या चाचण्या सांगणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत असतात, त्यात ‘प’ म्हणून बघतात आणि पुढे जातात. आपल्याकडे ख, घ, ठ, ढ, थ, ध, फ, भ अशी महाप्राण व्यंजनांची रांगच आहे, आणि प्रत्येकासोबत तोंडातून हवेचा झोत निघतो. तो सरळ माइकच्या आतल्या पडद्यावर आदळला की ‘भप्’ असा गचका बसतो. मी नव्या माइकसमोर हे वाक्य वाचते: ‘भाऊने फाटक ढकललं तशी थंड झुळूक घरभर फिरली.’ गचके बसत असतील तर माइक तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याशी आणा, रोख मात्र तोंडाकडेच ठेवा. झोत बाजूने निघून जातो, आवाज तेवढाच राहतो. पॉप फिल्टर (हा झोत अडवणारी जाळी) विकत घ्यायचा नसेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा स्टॉकिंग ताणून बसवा, चांगला चालतो. दुसरी परीक्षा ‘चमचा’ आणि ‘साजशृंगार’ या शब्दांची. स्वस्त कंडेन्सर वरच्या पट्टीचा आवाज टोकदार करतात, मग आपला ‘चमचा’तला च कानाला टोचतो. दुकानदाराच्या ‘क्लिअर’ आवाजात पुष्कळदा हे टोचणंच असतं.

मॉडेलं सांगते. सॅमसन क्यू२यू माझ्याकडे आहे: डायनॅमिक, यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतल्या माइकची तीन पिनांची जोडणी) दोन्ही, खाली हेडफोनची जागा. पण तो तुमच्या बजेटच्या वर जाईल, ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्सही तसाच. फिफाइनचा के६८८ किंवा एएम८ आणि माओनोचा पीडी२००एक्स हे त्याच जातीचे आहेत. किमती सारख्या वरखाली होतात, पण या तिघांतला एखादा तुमच्या पैशांत बसवता यावा. एएम८चे रंगीत दिवे मला नकोसे वाटतात, वाचनाला त्यांचा उपयोग नाही. दोन गोष्टी मात्र सोडू नका. एक, माइकलाच हेडफोन लावता यायला हवा, म्हणजे स्वतःचा आवाज विलंब न होता ऐकू येतो आणि मागची मोटरसायकल तुम्हाला त्याच क्षणी कळते. दोन, एक्सएलआरची सोय, म्हणजे पुढे ऑडिओ इंटरफेस (असा माइक संगणकाला जोडायची पेटी) घेतलात तरी माइक बदलावा लागणार नाही.

फिफाइनचा के६६९बी स्वस्त आहे आणि शांत खोलीत चांगलं काम देतो, पण तो कंडेन्सर आहे आणि त्याला हेडफोनची जागा नाही. तुमच्या खोलीसाठी मी तो सुचवणार नाही. कॉलरचा बोया बीवाय-एम१ अगदी कमी पैशांत येतो, त्याची वायर ६ मीटर लांब असते, बाहेर जाऊन मुलाखती घ्यायला तो उत्तम. मात्र तो चहूबाजूंनी ऐकतो, म्हणजे रस्ताही तितक्याच आपुलकीने ऐकेल. कुणी जुना ब्लू यती देऊ केला तर एवढं लक्षात ठेवा की त्यात बाजूने बोलायचं असतं, शेंड्यात नाही. क्यू२यूमध्ये उलट, शेंड्यातच बोलायचं. चुकीच्या बाजूने बोलून ‘माइक खराब आहे’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

वरचे डायनॅमिक माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. तेव्हा माइकची पाठ खिडकीकडे आणि तुमचं तोंड खिडकीकडे अशी बैठक लावा. मग तुमच्या पाठीमागची भिंत माइकच्या तोंडासमोर येते. तिथे कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ठेवा किंवा दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, खोलीचा घुमारा पुष्कळ बसतो. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी जवळपास काही होत नाही. पंखा बंद ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, अर्थिंग नीट नसेल तर तिची बारीक घुरघुर रेकॉर्डिंगमध्ये शिरते.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेवढं पुरेल. वाचताना आवाजाचे उंचवटे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. एसीएक्स या ऑडिओबुक मंचाची अट आहे की शांततेतला खरखराट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. घरी तिथपर्यंत जाणं सोपं नाही, पण मोजायला तो आकडा चांगला आहे. ऑडॅसिटीतलं ‘नॉइज रिडक्शन’ (मागचा खरखराट कमी करण्याची सोय) जपून वापरा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थेट वाचनासाठी ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकला ‘नॉइज सप्रेशन’चा फिल्टर लावता येतो, सकाळी भाजीवाला ओरडत असेल तर तिथे तो लावाच.

माइक घरी आला की परतीची मुदत संपायच्या आत एक काम करा. तुम्ही ज्या वेळी वाचणार आहात त्याच वेळी, त्याच खोलीत, एक मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा आणि मग ते भाऊ-फाटकाचं वाक्य तीनदा वाचा, दर वेळी एक वीत मागे सरकून. हेडफोन लावून ऐका. पहिल्या वाचनातही शूंऽऽ येत असेल तर माइक परत करा. पहिलं स्वच्छ आणि तिसरं पोकळ येत असेल तर माइक ठीक आहे, ठेवून घ्या. ते रेकॉर्डिंग इथे उत्तराखाली टाकलंत तर मी नक्की ऐकेन आणि बैठकीत काय बदलायचं ते सांगेन.