मान्यता बघायचीच, पण भिंतीवरच्या फ्रेममधली नव्हे

दादा, रात्रपाळी करून घरी आले, चहा टाकला आणि तुमची पोस्ट वाचली. चहा तसाच राहिला. बारावी झालेली धाकटी बहीण, सिन्नरहून नाशिकला ये-जा करणार, जीएनएमसाठी (नर्सिंगच्या डिप्लोमासाठी) दोन संस्था बघून ठेवल्यात. त्यातल्या एकीची फी वर्षाला २५ हजारांनी कमी, आणि तिथले सर सांगतात की मान्यता जुनीच आहे, यंदाचं पत्र प्रोसेसमध्ये आहे, शिवाय आम्ही आयएसओ आहोत, नॅकचंही चाललंय. तुमचा प्रश्न असा, की मान्यतेला खरंच एवढं महत्त्व असतं का, की शेवटी हातात काम असलं म्हणजे नोकरी मिळते?

"पत्र प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य मी २०११ च्या जुलैमध्ये ऐकलंय. माझी दोन वर्षं त्या वाक्यात गेली. म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वाचा.

जीएनएम की बीएस्सी, टक्के किती लागतात, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं तुम्ही बघितलं असेलच, त्यात जात नाही. थेट मुद्द्यावर येते.

मी निफाड तालुक्यातली. वडिलांनी त्या वर्षीचा कांदा विकून पहिली फी भरली होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, रस्ताही सांगत नाही, कारण आता तिथे कोण आहे मला माहीत नाही. ऑफिसात शिरलं की समोरच्याच भिंतीवर मान्यतेचं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का आणि सही, फ्रेमला प्लास्टिकच्या फुलांचा हार. वडिलांनी मला ते बोटाने दाखवलं. आम्ही दोघांनीही शिक्का बघितला आणि खुर्चीत बसून फॉर्म भरला. त्या हाराच्या मागे पत्राची मधली ओळ होती. ती मी वर्षभरानंतर, हार बाजूला सारून वाचली: शैक्षणिक वर्ष २००९-१० करिता, प्रवेश क्षमता ४०.

आम्ही वर्गात ५२ जणी होतो.

हजेरी क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने दिले होते. माझा ४७, आणि माझ्या शेजारी बसणारीचा ३१. वर्षभर दोघींनी एकाच पुस्तकातून ॲनाटॉमी पाठ केली, एकाच वॉर्डात बेड मेकिंग शिकलो. पहिल्या वर्षाचे परीक्षेचे फॉर्म आले तेव्हा तिचा आला, माझा नाही. संस्था म्हणाली, थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे, पुढच्या परीक्षेला दोन्ही वर्षं एकदम देता येतील. ते खोटं होतं. संस्थेने प्रवेश दिला म्हणजे आपण विद्यार्थिनी झालो असं होत नाही. संस्था नावांची यादी वर पाठवते, ती तिथे मंजूर होते, एन्रोलमेंट होतं, मग आपण कागदावर अस्तित्वात येतो. ४० जागा मंजूर असतील तर ४० च नावं जातात. त्यापुढच्या मुली फक्त फी भरत असतात.

आता माझी चूक सांगते. फ्रेम न वाचणं ही पहिली, पण खरी महागात पडली ती दुसरी. एका कार्यालयाकडे (कुठलं ते विचारू नका) मी सात वेळा गेले. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडायची, उभ्याने मुंबई गाठायची, दुपारपर्यंत बाकावर बसायचं. खिडकीतले गृहस्थ माझा अर्ज घ्यायचे, पहिलं पान वाचायचे आणि परत माझ्याकडे सरकवायचे. "संस्थेकडून पत्र आणा." संस्थेत गेलं की, "त्यांनी लेखी मागितलं तर देऊ." परत गेलं की, साहेब दौऱ्यावर. एकदा तर "नाव यादीत दिसतंय बहुतेक, पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं. त्या 'बहुतेक'वर आम्ही दुसऱ्या वर्षाच्या फीचा पहिला हप्ता भरला. नाव कधीच यादीत नव्हतं. तो माणूस एक रजिस्टर उघडून दोन मिनिटांत सांगू शकला असता. एवढं करायला कुणाची परवानगी लागते? आजही तो बाक डोळ्यांसमोर आला की छातीत भरून येतं.

सात फेऱ्यांत मी एकाही अर्जाची पोच घेतली नाही. आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याची नोंद करून कार्यालय टाकतं तो नंबर) हा शब्दच मला माहीत नव्हता. त्यामुळे अकरा महिने मी तिथे जात होते याचा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. शेवटी गावातल्या एका निवृत्त ग्रामसेवक काकांनी समोर बसवून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, रजिस्टर पोस्टाने. विचारलं एवढंच: अमुक संस्थेला अमुक शैक्षणिक वर्षासाठी मंजूर प्रवेश क्षमता किती, आणि नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांच्या यादीची प्रत द्यावी. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं. ४० जागा, ४० नावं, त्यात माझं नाही. जे सात फेऱ्यांत तोंडी कळलं नाही ते एका पानावर लेखी आलं. ते पान दाखवल्यावर संस्थेने अडवून ठेवलेले माझे मूळ कागद, म्हणजे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, चार दिवसांत परत दिले. फी अर्धीच मिळाली. २०१३ ला दुसरीकडे नव्याने पहिल्या वर्षाला बसले. तेव्हा जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन वर्षांचं आहे. माझी ३१ नंबरची मैत्रीण त्याच संस्थेतून रीतसर पास झाली आणि आज माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर आहे. तिचं चांगलं झालं याचा मला आनंदच आहे. पण बघा, संस्था तीच, शिक्षिका त्याच, आणि फरक फक्त मंजूर जागेच्या आत-बाहेर असण्याचा.

म्हणून "संस्थेला मान्यता आहे का" हा प्रश्नच अपुरा आहे. प्रश्न असा विचारायचा: या कोर्सला, या शैक्षणिक वर्षासाठी, किती जागांना मान्यता आहे, आणि माझ्या बहिणीचा नंबर त्या आकड्याच्या आत आहे का? एएनएमची (जीएनएमच्या खालच्या नर्सिंग कोर्सची) मान्यता असलेली संस्था जीएनएमचा बोर्ड लावते, तेही बघितलंय.

ही मान्यता कुणाची, यातही नाशिककरांचा हमखास गोंधळ होतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे, म्हणून लोक म्हणतात, विद्यापीठात जाऊन विचारून येतो. बीएस्सी नर्सिंगसाठी ते बरोबर आहे. ती विद्यापीठाची पदवी, संलग्नता तिथली आणि प्रवेशही सीईटी सेलमार्फत. जीएनएम आणि एएनएम मात्र डिप्लोमा आहेत, विद्यापीठाच्या यादीत ते शोधू नका. त्यांची परीक्षा मुंबईचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. आणि पास झाल्यावर नोंदणी, म्हणजे आपल्या भाषेत रजिस्ट्रेशन, दोन्हीकडच्या मुलींना महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडेच करावं लागतं. राष्ट्रीय पातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. २०२३ मध्ये संसदेने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा नवा कायदा केला, त्यामुळे पुढे पाट्या बदलतील. पाटी कुठलीही असो, प्रश्न तोच राहतो: ही मुलगी पास झाल्यावर तिचं नाव नोंदवहीत चढेल का?

"हातात काम असलं की नोकरी मिळते" याचं उत्तर तिथेच आहे. छोट्या दवाखान्यात मिळते, हो. सिस्टर म्हणून हाकही मारतात. पण पगार आयाबाईंच्या जवळपास, आणि एखाद्या पेशंटचं काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न येतो की हिचं रजिस्ट्रेशन कुठाय. सरकारी अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) जाहिरात बघा, एम्सची नर्स भरतीची परीक्षा नॉर्सेट बघा, रजिस्ट्रेशनशिवाय फॉर्मच पुढे जात नाही. नॉर्सेटला जीएनएमवाल्यांना वर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभवही लागतो, हे बहिणीला आत्ताच सांगून ठेवा. बाहेर जायचं डोक्यात असेल तर आणखी कडक. माझी एक सहकारी दुबईची तयारी करतेय. तिथे डेटाफ्लोवाले, म्हणजे कागद पडताळणारी कंपनी, तुमच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाहीत, ते थेट संस्थेला आणि परिषदेला विचारतात.

आता आयएसओ आणि नॅक. हे माझं मत आहे, कुणाला पटणार नाही. आयएसओ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्याने नर्स होता येत नाही. नॅक चांगली गोष्ट आहे, १९९४ पासून आहे, पण ते पदवी देणाऱ्या महाविद्यालयांचं आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करतं. नुसत्या जीएनएमच्या शाळेत कुणी नॅकचं नाव घेत असेल तर मला शंका येते. बीएस्सीच्या दोन कॉलेजांत निवड करायची असेल आणि दोन्हींची परिषदेची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता चोख असेल, तर मग नॅकची श्रेणी जरूर बघा. आधी नाही.

आणि मान्यता बघून थांबू नका. शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. कितीतरी ठिकाणी इमारत नाही, शिक्षक नाहीत असं निघालं. २०२४ मध्ये तर त्याच तपासातल्या सीबीआयच्या माणसांना, कॉलेज योग्य ठरवण्यासाठी लाच घेतल्याबद्दल अटक झाली. मधल्या मध्ये पोरींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. म्हणजे तपासणी झालेली असली तरी आपल्या डोळ्यांनी बघणं चुकत नाही. (बाहेरच्या राज्यातली सीट कमी फीत देतो, हजेरीला यायची गरज नाही असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.)

बघायचं काय, तर हॉस्पिटल. निकषांप्रमाणे स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल असायला हवं, आणि वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट. बोर्डावरच्या खाटा मोजू नका, भरलेल्या मोजा. सकाळी दहाच्या सुमाराला जा, तेव्हा मुली वॉर्डात असायला हव्यात. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारा: केसबुक (हाताळलेल्या पेशंटच्या नोंदींची वही) स्वतःच्या केसेसवर भरतेस की मागच्या बॅचचं उतरवतेस? डिलिव्हरी स्वतः केल्यास की लांबून बघितल्यास? मी दुसऱ्या संस्थेत असताना आम्हाला सरकारी रुग्णालयात पोस्टिंग होतं. लेबर रूममध्ये माझ्या हातात पहिलं बाळ आलं तेव्हा ते रडेना. सिस्टरांनी मला बाजूला ढकललं नाही, माझ्याच हाताने त्याची पाठ चोळून घेतली. ते रडलं तेव्हा मीही रडले. असं शिक्षण जिथे मिळतं तिथे फी थोडी जास्त गेली तरी चालेल.

बारीकसारीक एक-दोन गोष्टी. मूळ कागद देताना यादी करून त्यावर संस्थेची सही-शिक्का घ्या, आणि त्याआधी सगळं डिजिलॉकरला येतंय का बघा. फीची पावती प्रत्येक वेळी, आणि त्यावर कोर्सचं नाव पूर्ण लिहिलेलं हवं. नुसतं 'नर्सिंग' लिहिलेल्या पावत्या मी बघितल्यात. नर्सिंग असिस्टंट, जनरल ड्युटी असिस्टंट असले सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स वेगळे. ते वाईट नाहीत, पण त्यावर परिषदेचं रजिस्ट्रेशन होत नाही. सिन्नरहून ये-जा म्हणालात, तर सकाळच्या वॉर्ड पोस्टिंगला वेळेत पोहोचणं अवघड जाईल, हॉस्टेलचा विचार करा. थंडीत पहाटे एसटीची वाट बघत उभं राहून पोरगी पहिल्या सहा महिन्यांतच दमेल.

मी वकील नाही, कुठल्या परिषदेची माणूस नाही. नियम बदलत असतात, माझा अनुभव जुना आहे. जे लिहिलं ते परिषदेच्या आणि मंडळाच्या संकेतस्थळावरच्या चालू वर्षाच्या यादीशी ताडून बघा. संस्थेने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ ही यादी नव्हे.

तुमच्या त्या स्वस्त संस्थेबद्दल स्पष्ट सांगते: यंदाचं पत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. "सीट जाईल" म्हणतील, जाऊ द्या. भरायचीच वेळ आली तर त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या की या वर्षाची मंजूर क्षमता इतकी, तुमच्या बहिणीचा प्रवेश क्रमांक इतका आणि नोंदणी अमुक तारखेपर्यंत होईल. तुमच्या अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर तिथूनच उठा.

पत्र मिळालं तर त्याचा फोटो इथे टाका. संस्थेचं आणि बहिणीचं नाव झाका, वर्षाची आणि जागांची ओळ तेवढी दिसू द्या. आज माझी सुट्टी आहे, संध्याकाळी बघते.