सर्व्हर चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा?

या महिन्यात पत्रं बरीच आली, त्यातली कितीतरी नुसती 'वायफाय स्लो आहे, उपाय सांगा' एवढीच. अहो, राउटर कुठे ठेवलाय ते तरी लिहा. टीव्हीच्या मागे कपाटात असेल तर उत्तर तुम्हालाच माहितीये. बाकीच्यांतली ही पाच घेतलीयेत.

प्रश्न: आमचं सीएचं ऑफिस आहे. दोन डिस्कचा नॅस (सगळ्या पीसींना नेटवर्कवरून दिसणारा स्टोरेजचा डबा) घेतलाय, रेड वन (दोन्ही डिस्कवर सारखाच डेटा) लावलंय, सगळ्या क्लायंटचा टॅली डेटा त्यावरच. मी म्हणतोय वेगळा बॅकअप पण घेऊया, तर सर म्हणतात एक डिस्क गेली तर दुसरी आहेच की, अजून किती बॅकअप घेणार. त्यांना कसं पटवू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सरांना एक प्रयोग करून दाखवा. नॅसवर एक फालतू फोल्डर बनवा, त्यांच्यासमोर डिलीट करा आणि म्हणा, आता हा दुसऱ्या डिस्कवरून काढून द्या. (नॅसचं रिसायकल बिन आधी बंद करा, नाहीतर तोंडघशी पडाल.) नाही निघणार, कारण रेड वन दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहितं आणि तेच पुसतं. डिस्क मेली तरी काम थांबू नये म्हणून ते असतं, बास. एखाद्या आर्टिकलशिपवाल्या मुलाने चुकून फोल्डर उडवला किंवा कोणीतरी 'इन्कम टॅक्स नोटीस' नावाची मेलमधली झिप उघडली आणि रॅन्समवेअरने (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) नॅसवरच्या सगळ्या फाइली एन्क्रिप्ट केल्या, की दोन्ही डिस्कवर अगदी सारखाच कचरा. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्या असणार ना, म्हणजे बहुतेक एकाच बॅचच्या आणि तेवढेच तास चाललेल्या, त्यामुळे पहिली गेल्यावर नवीन टाकून रिबिल्ड (तिच्यावर सगळा डेटा परत उतरवणं) चालू असताना, म्हणजे उरलेल्या डिस्कवर रात्रभर सगळ्यात जास्त ताण असताना, तीही मान टाकते असं होतं.

दोन यूएसबी हार्डडिस्क घ्या. एक ऑफिसात, एक सरांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला पण दिसते. टॅली चालू असताना फोल्डर ड्रॅग करून कॉपी करू नका, सगळ्यांना बाहेर काढून टॅलीच्याच बॅकअपने घ्या.

आणि खरी गोम इथे आहे. बॅकअप 'घेतला' यावर कोणी खूश होऊ नका, तो परत उघडतो का ते बघा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबवाल्यांचं (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी वेबसाइट) काय झालं ते सरांना सांगा. इंजिनिअर रात्री डेटाबेसची भानगड सोडवत होता, चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड गेली, त्याच्या लक्षात येईपर्यंत 300 जीबीतलं जवळपास सगळं साफ. मग म्हटलं बॅकअप काढा. रोजचा बॅकअप घेणारं टूल डेटाबेसच्या जुन्या व्हर्जनचं निघालं, त्यामुळे ते कधीपासून फेल होत होतं, जिथे फाइली जायला हव्या ती क्लाउडची जागा रिकामी, आणि फेल झाल्याच्या मेल यायच्या त्या डिजिटल सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर नाकारत होता, म्हणजे बोंब मारणारा होता पण त्याचा आवाज कोणाला येतच नव्हता. वाचले कशामुळे, तर त्याच इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगसाठी सहज डेटाबेसचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) काढून ठेवला होता. एवढी मोठी टीम, फक्त हेच काम करणारी. तुमच्याकडे तर बॅकअपचं काम 'ज्याला वेळ असेल त्याने' असं असणार.

तर महिन्यातून एकदा ती डिस्क नॅसशी संबंध नसलेल्या पीसीला लावा, एका क्लायंटची कंपनी रिस्टोर करून टॅलीत उघडा आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. कुठला क्लायंट ते सरांनाच निवडू द्या. ट्रायल बॅलन्सची भाषा त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते.

प्रश्न: रास्पबेरी पाय फोर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेऊन घरातल्या फोटोंचा सर्व्हर केलाय. घरात मस्त चालतो, कॉलेजमधून लागत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला आतल्या मशीनकडे पाठवणारी सेटिंग) पाच वेळा करून झालं. शिवाय एसडी कार्ड पण दुसऱ्यांदा करप्ट झालंय. (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: सहाव्यांदा करू नकोस. राउटरच्या स्टेटस पेजवर जाऊन वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघ. तो 100.64 ते 100.127 यातल्या कशाने सुरू होत असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे शेकडो घरांत मिळून एक पब्लिक आयपी आणि पोर्ट उघडायचा तो तुझ्या राउटरवर नाही, कंपनीच्या मशीनवर, आणि कंपनी तुझ्यासाठी तो उघडणार नाही. आशियाकडचे मोकळे आयपीव्हीफोर (नेहमीच्या चार आकड्यांचे) पत्ते 2011 मध्येच संपत आले, ही 100.64 वाली रेंज 2012 मध्ये याच कामासाठी राखून ठेवली, तेव्हा कस्टमर केअरवाल्या मुलाशी भांडून उपयोग नाही, त्याच्या स्क्रीनवर 'राउटर रीस्टार्ट करा' एवढंच लिहिलेलं असतं. स्टॅटिक आयपीचे (फक्त तुझ्या एकट्याच्या, न बदलणाऱ्या पब्लिक पत्त्याचे) पैसे भर (लोकल केबलवाला देत असेल तर घासाघीस कर), किंवा वायरगार्ड (दोन मशीनमध्ये खाजगी बोगदा काढणारं व्हीपीएन) वापर. ते 2020 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. एक स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा, पाय घरातून त्याला जोडून ठेवायचा, तुझा फोन पण त्यालाच जोडायचा. टेलस्केल हेच काम तयार करून देतं, लागतं तेवढं फुकटात भागतं. पोर्ट फॉरवर्ड न झाल्याचं खरं तर मला बरंच वाटतंय, कारण एसएसएच (मशीनवर दुरून लॉगिन करायची सोय) बाहेर उघडं ठेवून पासवर्ड raspberry ठेवणारे अजून आहेत, आणि असल्या मशीनवर लॉगिनचे प्रयत्न सुरू व्हायला काही मिनिटं पुरतात.

एसडी कार्डचं म्हणशील तर आधी सांग पायला चार्जर कुठला लावलास. मोबाइलचा जुना पडलेला असेल तर तोच गुन्हेगार. पाय फोरला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरवाला लागतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकत असेल तर व्होल्टेज पडतंय. आणि डेटाबेस, लॉग हे सगळं कार्डावर लिहिलं जातंय, कार्ड त्यासाठी नसतंच. यूएसबी थ्रीच्या निळ्या पोर्टला एक छोटी एसएसडी लाव आणि बूटही तिच्यावरूनच कर.

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटने दर 30 दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम काढलाय. नर्सेस माझ्या नावाने खडे फोडतायत. नियम चांगला ना? (आयटी विभाग, कोल्हापूर)

उत्तर: नाही. एकदा वॉर्डात फिरून या, कीबोर्ड उलटे करून बघा. प्रत्येकाखाली चिठ्ठी असेल, आणि नसेल तर पासवर्ड Ganpati@08, पुढच्या महिन्यात Ganpati@09. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्येच लिहून दिलंय की उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय असेल तेव्हा बदला. 2003 साली मूळ सल्ला लिहिणारे बिल बर यांनी सुद्धा 2017 मध्येच आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. लांब पासवर्ड, जमेल तिथे दुसरा फॅक्टर (फोनवरच्या कोडसारखी जास्तीची खूण), आणि नोकरी सोडून गेलेल्यांची अकाउंट त्याच दिवशी बंद. हे शेवटचं आधी तपासा, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या रिसेप्शनिस्टचं लॉगिन अजून चालू असेल यावर माझी पैज.

प्रश्न: दर पावसाळ्यात आमच्या लॉजचा राउटर किंवा स्विचचे पोर्ट जळतात. यूपीएस लावला, मोठा लावला, तरी तेच. इंटरनेट तर फायबरचं आहे! (लॉजमालक, रत्नागिरी)

उत्तर: यूपीएस बिचारा पुढच्या दारावर बसलाय आणि चोर मागून येतोय. मुख्य इमारतीतून मागच्या खोल्यांपर्यंत गच्चीवरून कॅट सिक्स (नेटवर्कची) केबल टाकलीये ना? तांब्याची आहे ती. जवळपास वीज पडली की थेट नाही पडली तरी केबलमध्ये व्होल्टेज चढतं आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात, यूपीएसचा त्यात काही संबंधच येत नाही. फायबर काचेची असते आणि काच वीज वाहून नेत नाही हे बरोबर, पण खांबावरून येणारी फायबरची वायर सोलून बघा, बऱ्याच वेळा ताणासाठी बाजूला स्टीलची तार असते आणि लावणारा पोरगा ती घरात तशीच ओढून भिंतीला बांधतो. ती तार इमारतीच्या बाहेरच कापून खांबाकडच्या हुकला अडकवायला सांगा. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, धातू नसलेली, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर नेहमीच्या केबलला जोडणारा डबा). तुमचे जळलेले स्विच मोजले तर त्याहून स्वस्त पडेल.

आणि अर्थिंग. प्लगात न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. कोकणात जांभा आहे, पावसात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात कोरडं ठक्क होतं, म्हणजे वळवाच्या पहिल्या विजा येतात तेव्हा नेमकं ते झोपलेलं. खड्ड्यात पाणी घालायचं काम एप्रिलपासून कोणाच्या तरी नावावर टाका.

प्रश्न: बाबांचा लॅपटॉप 2016 चा, विंडोज इलेव्हन घेत नाही. भंगारात देऊ? (पुणे)

उत्तर: विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, तेव्हा बँकेची कामं तशाच टेनवर करू देऊ नका. पण भंगारात कशाला? एसएसडी नसेल तर टाका आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) चढवा. ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग, सगळं चालतं. बाबा डिजिटल सहीचं टोकन वापरत असतील तर मात्र थांबा, त्याचे ड्रायव्हर लिनक्सवर फार डोकं खातात. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, आणि पहिल्यांदा प्रिंटर छापतोय का ते.