सेंद्रिय द्रावकांमुळे जिवाणूंचं पेशीपटल विरघळतं का? नेमकं नुकसान कसं होतं?

विरघळत नाही. तुमच्या नोट्समध्ये तसं लिहिलं असेल तर खोडून टाका. डिटर्जंटने पटल विरघळवता येतं, पण टोल्यून, बेंझिन, झायलीन ही मंडळी वेगळं काम करतात. ती पटलात शिरतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. गच्च रांगेत मधेच माणसं घुसली की रांग फुगते, वाकडी होते, तसे लिपिडांचे थर फुगतात, सैल पडतात आणि गळायला लागतात. पोटॅशियम बाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी रेणू बाहेर, आणि बाहेरचे प्रोटॉन आत. ज्या प्रोटॉनच्या फरकावर पेशी एटीपी बनवते तो फरकच संपला, की पेशीचा आकार शाबूत असूनही ती मेलेली असते. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम मोजायच्या प्रयोगात ई. कोलाय जिवाणूंना टोल्यूनचे थेंब देतात ते यासाठीच: छोटे रेणू आत जातात, एन्झाइम आतच राहतं. पटल विरघळलं असतं तर एन्झाइमही वाहून गेलं असतं.

इतकं ठासून सांगतोय कारण कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, याच मुद्द्यावरून मी साहेबांशी भांडलोय. कास्टिंग रंगवायचा पेंट शॉप होता. पाळी संपली की स्प्रेगन धुतलेलं थिनर, म्हणजे टोल्यूनसारख्या द्रावकांचं मिश्रण, थेट गटारात, आणि ते गटार आमच्या एअरेशन टाकीत, जिथे हवा सोडून जिवाणूंकडून सांडपाण्यातली घाण खाऊन घेतात. मी आधीपासून सांगत होतो की हे बंद करा. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "अहो, थिनर पाण्यात मिसळतं का? वर तरंगतं, उडून जातं. तुमच्या बॅक्टेरियाला कशाला लागतंय?"

एके दिवशी सकाळी टाकीवर पांढरा फेस. लिटरच्या सिलिंडरमध्ये नमुना धरला. एरवी अर्ध्या तासात तपकिरी गाळ, म्हणजे जिवाणूंचेच पुंजके, खाली आणि वर स्वच्छ पाणी, मधली रेघ ठळक. त्या दिवशी रेघच नाही, वरपर्यंत गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली व्हॉर्टिसेला, म्हणजे गाळात राहणारे देठवाले एकपेशीय जीव, देठ आखडून गप्प पडलेले. आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर, जो एरवी लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास असायचा, सहाच्या वर. साहेब तो आकडा बघून म्हणाले, "बघा, ऑक्सिजन वाढलाय, प्लांट झकास चाललाय." ब्लोअर तोच, हवा तीच, मग ऑक्सिजन उरला कसा? खाणारेच मेले म्हणून उरला. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

टोल्यून पाण्यात मिसळत नाही हे अर्धसत्य आहे. लिटरभर पाण्यात ते अर्धा ग्रॅम तरी विरघळतं, आणि तेवढं पुरतं. त्याचा लॉग पी साधारण 2.7 आहे. म्हणजे पाणी आणि ऑक्टॅनॉल हे तेलकट अल्कोहोल शेजारी ठेवले तर पाण्याच्या सुमारे 500 पट टोल्यून ऑक्टॅनॉलमध्ये जाऊन बसतं. पेशीपटलही तेलकटच, त्यामुळे पाण्यात थोडं दिसणारं टोल्यून पटलात साचत जातं. साधारण दीड ते चार लॉग पी असलेले द्रावक म्हणूनच सगळ्यात घातक. इथेनॉलचा लॉग पी शून्याखाली, म्हणून ते भरपूर लागतं, आणि त्याचा मारा प्रथिनांवरही असतो. चारच्या बऱ्याच वर गेलेले, डीकेनसारखे, पाण्यात इतके कमी उतरतात की पटलापर्यंत पुरेसे पोचतच नाहीत. परीक्षेत हा मुद्दा लिहाच. बाकीचे मुद्दे पुस्तकात मिळतील.

टाकी परत उभी करायला दुसऱ्या प्लांटवरून टँकरने गाळ आणला, शेणकाला टाकला, खाद्य म्हणून गूळ, जोडीला युरिया आणि डीएपी. गाळ परत नीट बसेपर्यंत रात्रपाळीची माझी पोरं टाकीवरून हलली नाहीत.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळेच जिवाणू टोल्यूनला मरत नाहीत. 1989 मध्ये जपानच्या इनोऊए आणि होरिकोशी यांनी निम्मं टोल्यून घातलेल्या माध्यमात वाढणारा स्यूडोमोनास पुटिडा दाखवला. असे जिवाणू पटलातली सिस (वाकडी) मेदाम्लं ट्रान्स (सरळ) करून पटल घट्ट करतात आणि पंप लावून टोल्यून बाहेर फेकतात. थोडं थोडं टोल्यून सवयीने खाणारा गाळही तयार होतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो, ते एका पाळीत ओतून होत नाही. शिवाय थिनर म्हणजे नुसतं टोल्यून नव्हे, त्यात ॲसिटोन, ब्यूटिल ॲसिटेट असं बरंच काही असतं, म्हणून आमच्या टाकीचा सगळा दोष एकट्या टोल्यूनवर मी टाकणार नाही.

तुम्ही पुढे एखाद्या प्लांटवर लागलात तर पहिल्या आठवड्यात पेंट शॉपचं गटार कुठे जातं ते चालत जाऊन बघा. धुतलेल्या थिनरला झाकणाचा वेगळा ड्रम मागून घ्या, तो घातक कचऱ्यात जाऊ दे. आमच्याकडे शेवटी मेमो निघाला तो गन धुणाऱ्या पोराच्या नावाने. त्याला ड्रम कुणी दिलाच नव्हता, आणि ड्रमच्या मागणीचा माझा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता.