आधी सांगा, डबा सीलबंद होता का?

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की तेलावरची पत्रं वाढतात, यावेळी तर जरा जास्तच आली. त्यातली तीन घेतेय. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय पण ते तसंच ठेवलंय, कारण बाकीच्या बऱ्याच जणींचा प्रश्न त्यातच येतो.

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शीला घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, चकली शेव शंकरपाळे. यावेळी नेहमीचं दुकान सोडून दुसरीकडून सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा आणला, दोनशे रुपये कमी पडले म्हणून. पहिल्याच घाण्याला एवढा फेस आला की चकल्या दिसेनात, आणि दुसऱ्या दिवशी चकलीला खवट वास. दुकानदार म्हणतो कंपनीचा डबा आहे, तुमची भाजणीच ओली असेल. हे वापरलेलं तेल असेल का? घरी कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ते तेल आता अजिबात वापरू नका, पण ओतूनही देऊ नका, डबा आहे तसा झाकून बाजूला ठेवा आणि बिल असेल तर ते सांभाळा.

आता फेसाचं. नुसत्या फेसावरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पीठ ओलसर असलं तरी फेस येतो, गाळीव शेंगदाणा तेल तर नवं असतानाही फेसाळतं. पण ओलीचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, चकली काढली की खाली बसतो. जुन्या तेलाचा फेस बारीक, साबणासारखा, कढईच्या काठाला चढतो आणि बसता बसत नाही, शिवाय गॅस मध्यमच असतो आणि तेल धुरायला लागतं. तुमचं वर्णन वाचून मला या दुसऱ्या प्रकाराची शंका येतेय, त्यात तुम्ही रोज तळणाऱ्या, भाजणी ओली का कोरडी हे तुमच्या हाताला कळत नसेल का!

असं का होतं तर तेल तापतं तेव्हा पदार्थातलं पाणी आणि हवा त्याच्यावर काम करत असतात. पाण्याने तेल तुटतं आणि मग ते लवकर धुरतं, हवेने खवट होतं, आणि सारखं तापवलं की एकमेकांना चिकटून घट्ट, तारेसारखं होतं, कढईच्या कडेला तो तपकिरी चिकट थर बसतो ना, जो घासणीने निघत नाही, तो हाच. या सगळ्या बिघाडाचं एक माप आहे, टोटल पोलर कंपाउंड. आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. असं तेल सतत पोटात जात राहिलं तर रक्तदाब, रक्तवाहिन्या कडक होणं, लिव्हरचे त्रास यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेलाय.

आणि जिथे लोक फसतात ते हेच, की काळं तेल शोषक मातीतून गाळलं की रंग उतरतो, त्यात थोडं नवं तेल घातलं की वासही दबतो, दिसायला एकदम स्वच्छ. पण तुटलेलं तेल काही परत जोडलं जात नाही, आतला बिघाड तसाच. म्हणून डोळ्यांवर आणि नाकावर विसंबू नका. ते व्हॉट्सअॅपवर फिरणारं फ्रिजमध्ये ठेवून बघायचं प्रकरण खोबरेल तेलाला ठीक आहे, शुद्ध खोबरेल गोठतं आणि मिसळलेलं दुसरं तेल वेगळं राहतं, पण ती पट्टी प्रत्येक तेलाला लावू नका, शेंगदाणा तेल शुद्ध असलं तरी फ्रिजमध्ये घट्ट होतं, उगाच चांगल्या तेलवाल्यावर आळ यायचा.

मग बघायचं काय, तर डबा. माझ्या घराजवळ एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे तेलाचे रिकामे डबे दोन ढिगात असतात, चेपलेले एकीकडे आणि लेबल शाबूत असलेले, कोपरे सरळ असलेले दुसरीकडे, आणि दुसऱ्या ढिगाला भाव जास्त. पत्र्याच्या किलोचा भाव तर सारखाच, मग जास्तीचे पैसे कशाचे मिळतात ते तुम्हीच विचार करा. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात परत खायचं तेल भरायचं नाही असा कायदा आहे, तरी भरतात. म्हणून नवा डबा घेताना वरचा पत्रा हाताने चाचपून बघा. झाकणाचं सील अखंड आहे का, तोंडाभोवती जुना चिकट थर किंवा गंजाचं कडं आहे का, कोपऱ्याला डाग दिलेला, म्हणजे पूर्वीचं भोक बुजवलेलं दिसतंय का, लेबलवरचा बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख खरवडलेली किंवा वरून चिकटवलेली आहे का. १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर टाकून बघता येतो. तुमच्या डब्याचं हे सगळं आजच बघून ठेवा, जमल्यास फोटो काढा.

आणि तक्रार करा, घाबरू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला लेखी द्या किंवा १८००११२१०० या टोल फ्री नंबरवर सांगा. तुमचा डबा फोडलेला आहे त्यामुळे त्यांचे अधिकारी त्या दुकानातून स्वतः नमुना घेतील, त्याला जास्त वजन. पुढच्या वेळी शंका आली तर ग्राहक म्हणून तुम्हालाही अन्न विश्लेषकाकडून तेल तपासून घेता येतं, फी भरावी लागते आणि खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, तेल खराब निघालं तर फी परत मिळते.

एक मात्र मनापासून सांगते. ज्या चकल्या झाल्यात त्या ऑर्डरीत देऊ नका. नुकसान होईल, मला कळतंय, पण तुमच्याकडून लोक लेकराबाळांसाठी नेतात.

प्रश्न : आमच्या ठाण्यात एका वडापावच्या गाडीवरून रोज रात्री एक माणूस कॅनमध्ये काळं तेल घेऊन जातो. गाडीवाला म्हणतो डिझेल बनवतात त्याचं. खरं असतं का हे?

उत्तर : खरं असू शकतं. २०१८ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने रुको नावाची योजना आणली, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची, आणि जिथे दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागतं त्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच ते द्यायचं असा नियमही आहे. हॉटेलं, फरसाणवाले यात येतात. छोटी गाडी या मापात बसत नाही आणि खरी गळती तिथेच होते, कारण कॅन घेऊन जाणारा कोण, पुढे कुणाला देतो, हे कुणीच लिहून ठेवत नाही. गाडीवाल्याला तुम्ही एवढंच विचारा की तो माणूस पावती देतो का, कुठल्या कंपनीचा आहे. अधिकृत असेल तर पावती असतेच. नसेल तर त्याला सांगा की दादा, हे तेल उद्या स्वस्त डब्यातून तुझ्याच कढईत परत यायचं. गरीब गाडीवाल्यावर डाफरू नका, त्याला चार पैसे मिळतात म्हणून तो देतो, अधिकृत लोकही पैसे देऊनच तेल नेतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

घरचं तळण उरलं तर गाळून फोडणीला लवकर संपवा, तीन वेळांच्या पुढे तापवू नका, आणि रिकामा डबा देताना आधी भोकं पाडून, चेपूनच द्या.

प्रश्न : मुलगी दिल्लीला असते, लोणच्याला तिथून सुटं राईचं तेल पाठवते, एकदम झणझणीत असतं. सुटं चालेल ना?

उत्तर : नका घेऊ, सीलबंदच घ्या. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतच राईच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं होतं, ६० हून जास्त माणसं गेली आणि सुमारे ३,००० जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. आपल्याकडे माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप दिसतं ना, तोच हा पिवळा धोत्रा, त्याचं बी हुबेहूब मोहरीसारखं. तेल झणझणीत आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही, मोहरीचा झणका वरून तसाच राहतो.

मुलीकडे त्या तेलाची बाटली अजून असेल तर तिला एक विचारा, घरात कुणाच्या दोन्ही पायांना सूज, लाली, पाय दाबले की दुखणं, जुलाब, चालताना दम लागणं असं काही आहे का, आणि एकापेक्षा जास्त जणांना आहे का. असेल तर ते तेल सगळ्या घराने त्याच दिवशी बंद करायचं, लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि उरलेलं तेल बाटलीसकट सोबत न्यायचं.