मावत नाही तेवढंच घेऊन नीघ

प्रिय,

"फ्रेडी मर्क्युरीनेसुद्धा सोलो केलंच की!" तुझ्या पत्रातलं हे वाक्य दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडलो. तुला बँड सोडायचाय, आणि त्यासाठी दाखला देतेस तो ज्याने आपला बँड, ब्रिटनचा 'क्वीन', कधी सोडलाच नाही त्या गायकाचा. पण गोंधळ खरा आहे तुझा, म्हणून नीट लिहितो.

आधी हिशेब बघ. क्वीनमध्ये चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाजायची. १९८४ चा त्यांचा अल्बम 'द वर्क्स' घे. एकूण ९ गाणी. त्यातली ३ एकट्या फ्रेडीची, आणखी एक गिटारवादक ब्रायन मेबरोबर मिळून. 'रेडिओ गा गा' ड्रमर रॉजर टेलरचं, 'आय वाँट टू ब्रेक फ्री' बेसवादक जॉन डीकनचं. आवाज सगळीकडे त्याचा, पण लिहायला जागा निम्म्याहूनही कमी. आणि २९ एप्रिल १९८५ ला आलेला त्याचा सोलो अल्बम 'मिस्टर बॅड गाय'? ११ गाणी, अकराच्या अकरा त्याची. सोलो करण्याचं कारण हे होतं. रुसवाफुगवी नव्हे. टेलरचा सोलो अल्बम १९८१ मध्येच येऊन गेला होता, ब्रायन मेचं स्वतंत्र काम १९८३ मध्ये. फ्रेडी त्यांच्या मागून गेला. आणि सोलो अल्बमनंतर अडीच महिन्यांत, १३ जुलैला, तो त्याच तिघांबरोबर लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या मैफिलीच्या मंचावर होता.

(पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, त्यात फ्रेडी पियानोवर होता. मुख्य गायक दुसराच. त्याला नुसता 'आवाज' समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

आता माझा हेका ऐक. बँडमध्ये जे मावत नाही, तेवढंच घेऊन बाहेर जायचं. जे मावतं ते बँडचं.

'मिस्टर बॅड गाय' मला आवडतो, तरी सांगतो: त्यातली बरीच गाणी क्वीनमध्ये मावणारी होती. पुरावा क्वीननेच दिला. 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन गाणी त्यांनी फ्रेडीच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये, त्याचाच आवाज ठेवून आणि खाली आपलं वादन घालून पुन्हा केली. मूळ रेकॉर्डिंग म्युनिकचं, भाड्याने घेतलेल्या चांगल्या वादकांचं, सिंथेसायझरवर उभं. वाजवलंय चोख. दोन्ही ओळीने ऐक. ब्रायन मेची गिटार आली की गाणं एकदम घरी आल्यासारखं वाटतं. मूळ अल्बम ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत पहिल्या शंभरातही नाही.

आणि १९८८ चा त्याचा 'बार्सेलोना' अल्बम घे. त्यात सोबतीला माँसेरात काबाये, ऑपेराची सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका. हे क्वीनमध्ये कुठे बसवणार होता तो? ड्रम आणि गिटारच्या त्या भिंतीत सोप्रानोला श्वास घ्यायला फट मिळाली नसती. त्याने माइक मोरन या संगीतकारासोबत पियानोवर बसून ही गाणी बांधली, दोन आवाज मध्यभागी ठेवून. मावत नव्हतं म्हणून बाहेर गेला, आणि म्हणूनच ते टिकलं. मला हट्टी म्हणतात लोक. म्हणोत.

तुझ्याकडे ७ गाणी आहेत म्हणतेस. प्रत्येक गाणं बँडसमोर ठेव, पण त्यांच्या पट्टीत नको, तुझ्या पट्टीत. तुमची निम्मी भांडणं इथली आहेत. गिटारच्या मोकळ्या तारा वाजाव्यात म्हणून गाणं ई मध्ये, म्हणजे पांढरी तीनमध्ये अडकवतात आणि तुला अंतरा एकतर किंचाळावा लागतो नाहीतर खर्जात पुटपुटावा लागतो. गिटारवाल्याला कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावायला सांग, किंवा तारा अर्ध्या स्वराने उतरवायला. पाच मिनिटांचं काम. एवढं केल्यावर गाणं उभं राहिलं, तर ते बँडचं, विषय संपला. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या लयींत करून बघितलं आणि तरीही ड्रम आले की शब्द बुडतात, गिटार गप्प केली की गाणं सुधारतं, असं झालं तर ते मावत नाही. ते तुझं. सातातली दोन निघाली तरी पुष्कळ झाली.

मग कागद. माझ्या पिढीने ही लाज धरली, "मित्रांत कसला करार" म्हणत बसलो, आणि त्याचा पस्तावा अजून जात नाही. शब्द-चाल हा एक हक्क आणि रेकॉर्डिंग हा वेगळा. दोन्ही वेगवेगळे लिहायचे. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, बेरीज १००, तारीख, सगळ्यांच्या सह्या. रेकॉर्डिंगच्या आधी, नंतर नाही. गिटारवाल्याची ती सुरुवातीची धून लोक गुणगुणत असतील तर तिचे टक्के त्याला दे, कुरकुर करू नकोस. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, नाव नोंदव. गाणं नव्याने रेकॉर्ड केलंस तर त्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, जुना चिकटवू नकोस, पैसे भलतीकडे जातात. पैशावरून कटुता मोठ्यांतही येते: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचं गाणं होतं, म्हणून त्यालाही पुढच्या बाजूइतकीच रॉयल्टी मिळत राहिली. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी 'क्वीन'च्या नावे लावली, तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

रेकॉर्डिंगचं एकच सांगतो, पण पाळ. तुझा आवाज कोरडा साठव. रिव्हर्ब (घुमारा) नाही, सूर दुरुस्त करणारं ट्यूनिंग नाही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू, नावातच लय आणि पट्टी लिहिलेली. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. 'बार्सेलोना'चा वाद्यमेळ मुळात बराचसा कीबोर्डवर केलेला होता. २०१२ मध्ये तो काढून खाली खरा ऑर्केस्ट्रा घालता आला, कारण आवाज वेगळे जपलेले होते. क्वीनचं १९९५ चं कामही त्यामुळेच झालं. स्टुडिओने फक्त मिक्स केलेली, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र केलेली, फाइल हातात दिली तर शेवटचा हप्ता देऊ नकोस.

आणखी एक खोड सांगतो. पैसे घेऊन वाजवणारा तुला "नाही" म्हणणार नाही. बँडमधला तुझा ड्रमर म्हणतो, म्हणून तुला तो नकोसा झालाय. हो ना? मग सोलोच्या खर्चात एका "नाही" म्हणणाऱ्या माणसाचा खर्च धर. अॅरेंजर (वाद्यमेळ बांधणारा) असेल, जुना शिक्षक असेल. मिक्सच्या आधी ऐकव, नंतर ऐकवून उपयोग नाही.

आणि बँडला हे त्यांच्यासमोर बसून सांग, मेसेजवर नको. तारखा घेऊन जा: कोणते महिने तुझ्या गाण्यांना, कोणते कार्यक्रम बँडचे, तेही तुझ्याच वहीत लिहिलेले. फ्रेडीचा अल्बम क्वीनच्या कामातून वेळ काढत होत होता, तुझाही तसाच होईल.

रविवारपर्यंत सातही गाणी पाठव, नुसता आवाज आणि तानपुरा किंवा एक गिटार, त्याहून जास्त काही नको. कोणतं मावत नाही ते मलाही ऐकायचंय.