मामांचा पाय लुळा पडला, म्हणून भूलशास्त्र नको?

सप्रेम नमस्कार.

तासगावहून आलेल्या आपल्या पत्रात म्हटले आहे की, मिरजेत इंटर्नशिप करणाऱ्या आपल्या कन्येला भूलशास्त्रात एमडी करायचे आहे. परंतु तिच्या मामांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील नसा बधिर केल्यावर त्यांचा पाय संध्याकाळपर्यंत उचलेना, आणि तेव्हापासून आपल्याला हे क्षेत्र धोक्याचे वाटते.

मामांच्या बाबतीत जे घडले, ते या ब्लॉकमध्ये, म्हणजे नसा बधिर करण्याच्या या पद्धतीत, अधूनमधून घडते. जांघेजवळ सोडलेले औषध स्नायूंच्या आवरणाखालून झिरपत मांडीच्या मुख्य नसेपर्यंत गेले की गुडघा साथ देत नाही, आणि औषधाचा अंमल ओसरल्यावर बळ सहसा परत येते. त्या अवधीत रुग्ण एकट्याने उठून पडला, तर मात्र नवीच दुखापत होते.

पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारा टॅप ब्लॉक 2001 मध्ये प्रथम वर्णिला गेला, तेव्हा सुई हाताच्या अंदाजाने घालत. आता सोनोग्राफीत तिचे टोक पाहत आतल्या दोन स्नायूंच्या मधल्या थरात औषध सोडतात. थोडे पुढे गेल्यास आतडे किंवा उजवीकडे यकृत लागू शकते. टोक दिसत असल्याने हा धोका घटतो, संपत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते औषधाचे गणित. बुपिवॅकेन हे बधिरीचे औषध वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम धरले, तर 50 किलोच्या रुग्णाला 100 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 टक्क्याचे 40 मिलिलिटर, तेही दोन्ही बाजू मिळून. आणि सर्जनने जखमेत वेगळे औषध टोचले असेल, तर तेही यातूनच वजा करायचे. द्राक्षाच्या घडांना जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देताना पीपीएम, म्हणजे द्रावणातले प्रमाण, चुकला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. येथे रक्तात औषध वाढले की ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, पुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. त्यावर 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्धांशाचे दुधाळ द्रावण, शिरेतून देतात. 50 किलोला पहिला डोस 75 मिलिलिटर.

तेव्हा कन्येला हा हिशेब रोज, कंटाळा न करता, मांडायला आवडेल का, हे पाहावे. इंटर्नशिपमधील भूलशास्त्राच्या पाळीत तिने ब्लॉकनंतरचा अर्धा तास रुग्णाजवळ बसून काढावा. ते बसणे जड गेले, तर तीन वर्षांचे एमडी अधिकच जड जाईल. महाविद्यालय निवडताना तिने तिथल्या निवासी डॉक्टरांना विचारावे, की ब्लॉक ते स्वतः देतात की नुसते पाहतात, आणि लिपिडची बाटली ऑपरेशन थिएटरमध्येच असते की औषधभांडारातून मागवावी लागते.